मशीन कोण चालवतंय?

कुट्टिचिरा, कोळिक्कोड
११ जानेवारी १९८८

आलिकोया,

सलाम. पाकिटामागचं नाव वाचून तू हे पत्र दोन दिवस न फोडता ठेवलं असशील. मोठी बहीण आहे मी, तुझी इत्ता, तुला लंगोटात पाहिलंय. तेव्हा आधीच सांगते, राग गेला म्हणून लिहीत नाही. राग आहे तिथेच आहे आणि त्याची तब्येत उत्तम आहे. काम निघालं म्हणून लिहितेय.

घरचं आधी. उम्मा बरी आहे, फक्त कान जवळजवळ गेले. माझी रेडिओवरची वेळ झाली की आपल्या मातोश्री रेडिओसमोर मांडी घालून बसतात, नुसत्या त्या डब्याकडे बघतात आणि मी घरी आले की म्हणतात, "सुहरा, आज आवाज छान लागला हो तुझा." मीही "हो उम्मा" म्हणते. आमचं चांगलं चाललंय.

आता सोसायटीचं. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत मी एवढंच म्हटलं होतं, की वर्षातून एकदा तरी गाण्यांचा सिनेमा दाखवूया. त्यावर तू म्हणालास, "फिल्म सोसायटी म्हणजे लग्नाचा मांडव नव्हे," आणि चिटणीसपद टेबलावर टाकून निघून गेलास. पुढच्या महिन्यात थेट शारजा. उम्माचा निरोप घेतलास, माझा नाही. असो. तुझ्यामागे चिटणीस मीच झाले, कारण दुसरं कोणी हात वर केला नाही. अच्युतन मास्तर अजून अध्यक्ष आहेत आणि अजून सभागृहाच्या जिन्यात बिड्या ओढतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एक पिक्चर आणला. एक म्हातारा बर्फातून एका जनावराला ओढत नेतो, आणि शेवटी दोघंही पोचत नाहीत. मध्यंतरानंतर आम्ही इतके थोडे उरलो होतो की पंखे बंद केले. असंच चाललं तर ओणमपर्यंत सोसायटीला टाळं लागेल. हे मी रडून सांगत नाहीये. मी टाळं लागू देणार नाही, हे सांगतेय.

कल्लायीला लाकडाच्या एका जुन्या व्यापाऱ्याचं गोदाम रिकामं करत होते. तिथे सागाच्या फळ्यांमागे पत्र्याचे गोल डबे निघाले. आत कैरोचा पिक्चर. त्या व्यापाऱ्याच्या वाडवडिलांची जहाजं तिकडे जायची, तेव्हा कोणीतरी हौसेने आणलेला. नावाची पट्टी फाटलीय, त्यामुळे पिक्चरचं नाव कोणालाच ठाऊक नाही. पण बाकीचा धडधाकट आहे. बंदरावरच्या एका कॉफीच्या दुकानात एक बाई गाते. जहाजं बांधणारा एक सुतार रोज तिथे येतो आणि कॉफी गार होईपर्यंत ऐकत बसतो. दुकानाचा मालक त्याच्यावर दात खातो. अर्धा पिक्चर नुसतं हसू, अर्ध्यात गळा भरून येतो. आणि गाणी अशी आहेत आलिकोया, की मी दिवसभर गाण्यांमध्येच बसलेली बाई, तरी मला खुर्ची सोडवेना.

अडचण एकच. पडद्यावर खाली भाषांतराची अक्षरं नाहीत, आणि गोष्ट नुसती बघून कळली तरी गाणी कळत नाहीत. आपल्या लोकांना अरबी येतं ते नमाजापुरतं, आणि ही बाई काही नमाज पढत नाही. तुझ्या कंपनीत इजिप्तची माणसं आहेत असं तूच उम्माला कळवलं होतंस. गाण्यांची कॅसेट तिकडे परत निघालेल्या मूसाबरोबर पाठवतेय. त्या लोकांना ऐकव, अर्थ काढ आणि आपल्या भाषेत लिहून पाठव. मी पडद्याशेजारी उभी राहून माइकवरून वाचेन. रविवार, २७ मार्च, दुपारी तीन. रोजे लागायच्या आधी.

तुझं प्रोजेक्टरचं मशीन कोण चालवतंय ते विचारू नकोस. चालतंय.

सुहरा इत्ता


६ फेब्रुवारी १९८८

आलिकोया,

तुझं उत्तर मिळालं. पोस्टाच्या तिकिटावर त्यापेक्षा जास्त मजकूर असतो. "इत्ता, मला असल्या गोष्टींना वेळ नाही. असले पिक्चर त्यांनी शेकड्यांनी काढलेत. मशीन कोण चालवतंय? बल्ब उडाला तर तसला दुसरा इथेही मिळत नाही." चार वाक्यांतली दोन मशीनची. मशीन सुखरूप आहे. बल्बसुद्धा तुझी आठवण काढतो.

पिक्चर ठरला कसा ते ऐक, म्हणजे मी तो सभासदांच्या गळ्यात बांधला असं तुला वाटायला नको.

सभा आपल्याच ओसरीवर झाली. सुरुवात मास्तरांनी केली, नेहमीसारखी घसा खाकरून.

"गाणं आलं की गोष्ट थांबते," ते म्हणाले. "आणि सिनेमाचं काम गोष्ट पुढे नेण्याचं. माणसं रस्त्यात मध्येच गायला लागतात, हे कुठलं वास्तव?"

तंकमणी आठवते ना, मेडिकल कॉलेजमधली नर्स, जिचा नवरा बहारीनला आहे? ती म्हणाली, "मास्तर, तुमच्या त्या बर्फातल्या बैलाची गोष्ट कुठे पुढे गेली होती?"

"तो बैल नव्हता. रेनडिअर होता."

"मग तर आणखीच कमाल. एवढं लांबचं जनावर, आणि तेही पोचलं नाही."

हशा पिकला, पण मास्तर हटले नाहीत. मग नेहमीप्रमाणे मतदान. चिठ्ठ्या उघडल्या तर जितकी माणसं तितके पिक्चर. ज्याने त्याने आपल्या आवडीचा लिहिलेला. मास्तरांनी लिहिलेला तर त्यांनी स्वतः सोडून कोणी पाहिलेलाच नव्हता. आपल्याकडे दर वेळी हेच होतं हे तुलाही ठाऊक आहे. मग कोणीतरी एक जिंकतो, बाकीचे रुसून घरी बसतात, आणि जिंकणारा रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटा बसून पिक्चर बघतो.

तेवढ्यात मागे खांबाला टेकून बसलेली एक नवी सभासद बोलली. आवाज बारीक, पण सगळे वळले.

"कोणता पिक्चर बघायचा ते विचारूच नका," ती म्हणाली. "कोणाला घेऊन येणार ते विचारा."

"म्हणजे काय?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे तुम्ही सांगा मास्तर, तुमच्याबरोबर कोण येणार?"

"मी एकटाच येतो. बायकोला विचारून बघितलं. ती म्हणते, तुमच्या पिक्चरपेक्षा दातांचा डॉक्टर बरा."

"पण आली तर आवडेल ना तुम्हाला?"

मास्तर बिडी शोधायला लागले. म्हणजे हो. मग तिने प्रत्येकाला तोच प्रश्न विचारला. तंकमणी म्हणाली, "सासूला आणेन. दोन वर्षं आम्ही एका घरात राहून 'मीठ दे' आणि 'दार लाव' एवढंच बोलतो. पिक्चरला निदान तोंडं एका दिशेला असतील." मी म्हटलं, उम्माला आणेन. ऐकू आलं नाही तरी बघेल. एकेकाने आपापलं माणूस सांगितलं, आणि ती नवी सभासद म्हणाली, "आता ही सगळी माणसं एका ओळीत बसलीत असं समजा. कोणाला खाली मान घालायला लागू नये. कोणाला झोप येऊ नये. आणि घरी जाताना भांडायला काहीतरी मिळावं. असा पिक्चर कुठला?"

त्यावर कैरोचा पिक्चर आपोआप वर आला. मास्तर म्हणाले, "पण गाणी कशाला हवीत?" तर ती म्हणते, "मास्तर, आमच्याकडे लग्नात बायका गातात ना, ते काही कोणाला वेळ जात नाही म्हणून नव्हे. सासूच्या तोंडावर जे बोलता येत नाही ते गाण्यात म्हणतात. ज्या पिक्चरमधलं गाणं काढून टाकलं तरी बाईच्या मनातलं कळतं, तो तुम्ही खुशाल टाकून द्या. पण या बाईचं गाणं काढलंत तर तिच्याजवळ काहीच उरत नाही. ती बोलते कुठे? ती नुसती कॉफी आणून देते."

मास्तरांनी आपला विरोध लेखी नोंदवायला लावला. मी नोंदवला, सुंदर अक्षरात.

ही सभासद कोण ते पुढे कधीतरी सांगेन. तू तुझ्या इजिप्तवाल्यांचं बघ. वेळ नाही म्हणतोस. शुक्रवारी काय करतोस?

सुहरा इत्ता


२ मार्च १९८८

आलिकोया,

मास्तरांनी तुला सगळं कळवलं तर. मला वाटलं होतंच. अध्यक्ष झाले म्हणून चुगली करू नये असं काही नियमात नाही.

हो. तुझी बायको. मशीन इंबिच्ची चालवते, आणि खांबाला टेकून बसलेली सभासदही तीच. माझ्याकडून का कळलं नाही, असं विचारलंयस. तुझ्या विचारण्यात फक्त मशीन होतं, बायको नव्हती, म्हणून.

कसं झालं तेही सांगते. तू गेल्यावर मशीन तिच्याच माहेरी होतं, आपल्या रीतीप्रमाणे जावई म्हणून तू राहायचास त्या माडीवर, तुझ्याच चादरीखाली. सोसायटीच्या पहिल्याच खेळाला मी ते मागायला गेले. चालवायला एक जण थिएटरातून बोलावला होता. त्याने फिल्म आत घातली, बटण दाबलं, आणि मशीन फिल्म चावायला लागलं. माणूस घामाघूम. इंबिच्ची दारात उभी होती. ती पुढे आली, त्याला जरा बाजूला केलं आणि म्हणाली, "वळण छोटं ठेवलंत. इथे थोडी सैल हवी." आणि चालू करून दिलं. मी बघतच राहिले. म्हटलं, "कधी शिकलीस गं?" तर म्हणाली, "ते ओसरीवर बसून साफ करायचे ना, मी शेजारी तांदूळ निवडत असायचे." तू तिला हात कधी लावू दिला नाहीस, आलिकोया. पण बघू नकोस असं म्हणाला नव्हतास. इतकी वर्षं लग्न झालेली बाई कुठे बघत असते, हे कधी बघितलंयस का?

तू लिहिलंयस, "तिला सिनेमातलं काय कळतं? लोक काय म्हणतील? मशीन माझं आहे, बीरान येऊन घेऊन जाईल आणि विकून टाकेल."

लोक काय म्हणतात ते मी सांगते. लोक म्हणतात, पूर्वी मध्येच पडदा काळा व्हायचा, आता होत नाही.

मशीन तुझं आहे, यात वाद नाही. मी एक शब्द बोलणार नव्हते, आणि मला बोलायची गरजही पडली नाही. तुझं तेच म्हणणं तिला वेगळ्या पत्रातून मिळालं, त्याच संध्याकाळी तिने मशीन पुसलं, पेटीत घातलं, कड्या लावल्या. मी गेले तर मुली अभ्यासाला बसलेल्या आणि ही केळ्याच्या उन्नक्काया वळत होती. मी तणतणले. ती शांत. म्हणाली, "त्यांचं आहे इत्ता. मागितलं तर द्यायचं."

"आणि सत्तावीस तारखेचं काय?"

"ते तुम्ही बघा. चिटणीस तुम्ही आहात."

"तुला काही वाटत नाही?"

ती हाताला लागलेलं केळं पुसत म्हणाली, "त्यांना वाटतं मी पिक्चर बघायला जाते. पिक्चर मला अर्धाच दिसतो, लक्ष मशीनकडे असतं ना. मी मागून माणसं बघते. कोण हसतं, कोण शेजारच्याकडे वळून बघतं. त्यांच्यामागे दोन वर्षांत मला तेवढंच आवडलं." एवढंच बोलली. रडली वगैरे नाही. तू रडण्याची वाट बघत असशील तर दुसरं घर बघ.

तुझ्या त्या दोस्ताचं, बीरानचंही सांगते. तो आला, चहा प्यायला, पेटी एका बाजूने उचलून बघितली आणि म्हणाला, "जड आहे, हमाल घेऊन येतो." परवा पुन्हा आला, पुन्हा चहा प्यायला, पाठ धरून गेला. त्याच्या बायकोचं नावही सत्तावीस तारखेच्या यादीत आहे, आणि तिने त्याला तोवर पाठदुखी लावून दिलीय.

पण माझा भरवसा बीरानच्या पाठीवर नाही. मशीन पेटीत आहे आणि तू सांगितल्याशिवाय ती उघडणार नाही, हे मी ओळखून आहे. दुसरीकडून भाड्याने मशीन आणणं मला जमतं. रेडिओवर पंधरा वर्षं काढलीत, माझे चार लोकांशी संबंध आहेत. मी आणणार नाही. हा खेळ त्याच मशीनवर होईल किंवा होणार नाही, आणि तो होईल असं मी सगळ्यांना सांगून बसलेय.

उत्तर मला नको. तिला दे.

सुहरा


२१ मार्च १९८८

आलिकोया,

लबाड माणसा.

परवा इंबिच्ची धावत आली. धावत म्हणजे खरंच धावत, तळ्याला वळसा घालून, डोक्यावरचा पदर खांद्यावर. हातात तुझं जाडजूड पाकीट. मला वाटलं कोणी गेलं. तिने ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "वाचा. सगळं नको, मी दाखवते तेवढंच." बोटाने ओळी झाकून झाकून तिने मला वाचायला दिलं, त्यामुळे बाकीचं मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही.

म्हणजे मला "वेळ नाही" लिहिलंस त्याच आठवड्यात तू कॅसेट लावली होतीस! पहिल्या शुक्रवारी तू आणि तो इजिप्तचा फोरमन. दुसऱ्या शुक्रवारी भटारखान्यातला सुदानी आला, म्हणाला ही गाणी माझी आई गुणगुणायची. तिसऱ्या शुक्रवारी खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पठाण, तमिळ, आपले मलप्पुरमचे, ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं तेही बंकवर पाय हलवत बसलेले. एका कडव्यावरून फोरमन आणि सुदानी इतके भांडले की दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. आणि हे सगळं करणारा कोण? तर ज्याला असल्या गोष्टींना वेळ नाही तो.

मी यावर काही म्हणत नाही. मला म्हणायचं पुष्कळ आहे, पण मी सध्या फार खुशीत आहे.

गाण्यांचे अर्थ तू चांगले उतरवलेस. रेडिओवर मी रोज चांगले-वाईट शब्द तोलते, म्हणून सांगते. कुठेही ओढून-ताणून यमकं नाहीत. साधं आणि सरळ लिहिलंयस.

मशीनबद्दल मात्र पाकिटात एक अक्षर नाही असं मला वाटलं. मी इंबिच्चीकडे बघितलं. तिने शेवटचं पान उलटलं आणि खालची एक ओळ दाखवली. "उजवीकडचा पट्टा सैल होतो, सुरू करण्याआधी बघून घे."

आम्ही दोघी ती ओळ बघत बसलो. मग ती म्हणाली, "गेल्या वर्षीच बदलला तो मी." आणि हसायला लागली. उम्मा आतून आली, काय झालं म्हणून. तिला ऐकू येईना आणि आम्हाला बोलता येईना.

त्याच संध्याकाळी पेटी उघडली.

बीरानची पाठही बरी झाली. काल तोच पेटी उचलून सभागृहाच्या जिन्यावरून वर ठेवून आला.

इत्ता


२९ मार्च १९८८

आलिकोया,

खेळ झाला. सावकाश बस आणि वाच, हे पत्र मोठं आहे.

तीनच्या आधीच जिना भरला. बायका, पोरं, डबे, सुलैमानी चहाचे थर्मास. मास्तर दारात उभे, जणू त्यांच्याच मुलीचं कार्य, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "माझा या निवडीला विरोध आहे, आत या." त्यांची बायको पुढच्या रांगेत. तंकमणी आणि तिची सासू शेजारी शेजारी, मध्ये पर्स. उम्माला मी अगदी पडद्यासमोर बसवलं. मी पडद्याच्या बाजूला, छोटा दिवा आणि तुझे कागद घेऊन. मागे उंच स्टुलावर इंबिच्ची.

पहिली दोन रिळं नुसतं हसणं. तो मालक सुताराला हाकलायला खुर्च्या उलट्या करून ठेवतो आणि सुतार उलट्या खुर्चीवरच बसतो, तेव्हा पोरं जमिनीवर लोळली. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लावून थांबायला लागतं. मी घाई करत होते, तर इंबिच्ची मागून म्हणाली, "सावकाश इत्ता, बोलू द्या त्यांना." आणि लोक बोलत होते. ओळखदेख नसलेले एकमेकांच्या डब्यात हात घालत होते.

मग ते बंदरावरचं गाणं आलं. सुतार जहाजावर चढून परदेशी निघालाय आणि ती धक्क्यावर उभी राहून गाते. तिथे तू कागदाच्या कडेला लिहिलं होतंस, "शेवटच्या शब्दावर फोरमन आणि सुदानी यांचं जमलं नाही. एक म्हणतो 'थांब', दुसरा म्हणतो 'जा'. तुम्हीच ठरवा." मी जसं होतं तसं वाचलं. दोन्ही.

रीळ संपलं, दिवे लागले आणि एकदम गलका. त्या सभागृहात अर्ध्या बायका अशा, की ज्यांचं माणूस समुद्रापलीकडे आहे. कोणी म्हणे, थांबच म्हणणार, बाई आहे ती. कोणी म्हणे, असं सगळ्यांसमोर थांब म्हणतं का कोणी? मास्तर उठून म्हणाले, "दिग्दर्शकाला संदिग्धता अभिप्रेत असावी." त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही बसा."

तेव्हा तंकमणीची सासू बोलली. कधी चारचौघांत न बोलणारी बाई. "'जा' म्हणतेय ती. पोटासाठी जातोय तो, अडवून कसं चालेल? मीही माझ्या मुलाला 'जा'च म्हणाले होते. सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले."

तंकमणी तिच्याकडे वळली. "तुम्ही म्हणालात? मला वाटत होतं, मीच त्याला धाडलं असं तुम्ही मनात धरलंय."

"मी? मला वाटलं, मी धाडलं म्हणून तू बोलत नाहीस."

पुढे त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पर्स मात्र खाली पडली आणि कोणी उचलली नाही.

मागून कोणीतरी ओरडलं, "गाणं परत दाखवा!" आणि सगळेच ओरडायला लागले. मास्तर पुन्हा उभे. "रीळ मागे फिरवायचं? आपल्या सोसायटीत असं कधी झालेलं नाही. हा काय तंबूतला खेळ आहे?" पण इंबिच्चीने तोवर हाताने फिरवायला सुरुवातही केली होती.

दुसऱ्यांदा मी काही वाचलं नाही. माइक बंद केला. सगळं सभागृह त्या बाईच्या तोंडाकडे बघत होतं. लहान पोरंसुद्धा. तिने शेवटचा शब्द लांबवला, जहाज हललं, आणि पडदा पांढरा झाला. यावेळी गलका झाला नाही. 

त्या शांततेत उम्मा बोलली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही, त्यामुळे ती बोलली ती शेवटच्या रांगेपर्यंत.

"कशाला भांडत होतात गं मघाशी? सरळ तर आहे. ती 'ये' म्हणतेय."

मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "उम्मा, तुला कुठे ऐकू आलं?"

"ऐकायचं कशाला? तोंड बघ की तिचं. तो निघालाय, ते तिलाही दिसतंय. त्याला थांब म्हणून काय उपयोग आणि जा म्हणून काय उपयोग? ये म्हणतेय. परत ये."

आलिकोया, मी आवाजावर पोट भरणारी बाई. पुढचं रीळ लागेपर्यंत मी माइक सोडून उम्माशेजारी जमिनीवर बसले.

बाकीचा पिक्चर झाला. शेवट काय ते सांगत नाही, तुला तो बघायचा आहे. मास्तरांनी खेळ संपताना विरोध पुन्हा नोंदवला आणि पुढच्या वेळी कोणता गाण्यांचा पिक्चर आणावा यावर तीन नावं सुचवली. जिन्यात त्यांची बायको त्यांच्या पुढे चालत होती आणि ते तिला काहीतरी समजावत मागून. ती ऐकत होती.

सगळे गेल्यावर मी आणि इंबिच्ची मागे राहिलो. ती मशीन पुसत होती, तुझ्याच त्या मऊ फडक्याने. बाहेर अजून ऊन होतं आणि समुद्राकडच्या खिडकीतून वारा येत होता. मी विचारलं, "तुला काय वाटलं गं? थांब, जा की ये?"

ती मान वर न करता म्हणाली, "मी कुठे बघत होते, इत्ता? त्या जागी जोड कच्चा आहे. माझं सगळं लक्ष फिल्मवर."

कच्चा जोड दुसऱ्या रिळात आहे. तो तिने माझ्यासमोर बसून लावलाय. त्या गाण्याच्या रिळात एकही जोड नाही. मी हे तिला बोलून दाखवलं नाही, पण तुला सांगतेय.

माझ्यावरचा राग ठेवायचा असेल तर ठेव, माझाही काही तातडीने जाणार नाही. आपण भावंडं आहोत, आपलं चालतं. पण रजा कधी मिळते, कोणत्या विमानाने निघतोस, यातलं काहीही मला कळवू नकोस.

तिला कळव.

तुझी
सुहरा इत्ता